अकरा नंबरचं शुद्धिपत्र

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास चौतीस जर्मन फुलदाण्या जेवणाच्या टेबलावर नंबरवार उभ्या राहिल्या, आणि घरातल्या माणसांना बसायला जागा उरली नाही. यात नवीन काही नव्हतं. अप्पा होते तेव्हाही या घरात आधी फुलदाण्यांची सोय व्हायची, मग माणसांची.

मांडायचं काम अर्थात वहिनींकडे होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून, म्हणजे गेली सव्वीस वर्षं, दर रविवारी त्या या फुलदाण्या पुसत होत्या. कोरडा ब्रश, वरून खाली, एक हात गळ्याशी आणि दुसरा बुडाखाली. हा नियम अप्पांचा. अप्पांना जाऊन चार महिने झाले होते, पण नियमाला कोणी रजा दिली नव्हती.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्या फुलदाण्या बघून वाटायचं, भट्टीत काहीतरी बिघडलं असावं. तपकिरी, शेवाळी, जळकट नारिंगी. काहींवरचा चकाकीचा थर उतू गेलेल्या दुधासारखा फुगून, फुटून तसाच थिजलेला. त्याला अप्पा लाव्हा म्हणायचे आणि म्हणताना आवाज खाली आणायचे. ते छपाईयंत्रांचे इंजिनिअर. नवं यंत्र आलं की कंपनी त्यांना ते शिकायला जर्मनीला पाठवायची, आणि दर खेपेला ते एक फुलदाणी घेऊन यायचे. बॅगेत जागा व्हावी म्हणून स्वतःचे कपडे तिकडेच टाकून यायचे. मुलांसाठी चॉकलेट आणायला ते दोनदा विसरले, फुलदाणी आणायला एकदाही नाही.

"पारखी बाई येतीलच आता," धाकटा म्हणाला. त्याचं दिव्यांचं दुकान होतं, त्यामुळे कुठल्याही खोलीत शिरला की तो आधी छताकडे बघायचा. "इथे उजेड बरा नाही. पारख करायला पांढरा उजेड लागतो."

"पारख करायला अक्कल लागते," ताई म्हणाल्या. ताई मुख्याध्यापिका होत्या, आणि घरातही वाक्य संपलं की सगळ्यांकडे एकदा बघून घ्यायची सवय त्यांना होती. "आणि आधीच सांगते, संग्रहालयाला सगळंच्या सगळं द्यायला माझी संमती नाही. अकरा नंबरची अप्पा मला देणार होते. तसं बोलले होते ते."

"मलाही बोलले होते," दादा म्हणाला.

"कधी?"

"तुला बोलले त्याच्या आधी."

दादा म्हणजे वहिनींचा नवरा. विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करायचा. तीस वर्षं लोकांच्या जळालेल्या गोदामांत उभं राहून 'हे आधीपासूनच असं होतं का?' एवढा एकच प्रश्न विचारून त्याने संसार केला होता. सध्या तो आणि ताई एका बाजूला होते. फुलदाण्या बाहेर देऊ नयेत, वाटून घ्याव्यात, असं दोघांचं मत होतं. धाकट्याला सगळा संग्रह दूरच्या एका संग्रहालयाला द्यायचा होता, कारण ते लोक काचेच्या कपाटावर अप्पांचं नाव लावणार होते आणि त्या कपाटातले दिवे पुरवायचं धाकट्याने आधीच बोलून ठेवलं होतं.

खिडकीजवळच्या खुर्चीत आई बसल्या होत्या. वय एक्क्याऐंशी. त्यांना ऐकायला कमी येत होतं, पण नेमकं कधी ते त्या स्वतः ठरवायच्या.

"आई, तुम्हाला काय वाटतं?" वहिनींनी विचारलं.

"कसलं?" आई म्हणाल्या, आणि बाहेर बघू लागल्या.

वहिनी सकाळपासून एकाच फुलदाणीकडे बघायचं टाळत होत्या. ती टेबलाच्या मधोमध उभी होती. वीतभर उंच, गडद तपकिरी, खांद्यापासून खाली राखाडी लाव्हा ओघळलेला. अकरा नंबर. या फुलदाणीची गोष्ट घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने किमान एकदा ऐकली होती. एका दाढीवाल्या जर्मन कुंभाराने ती विकायला तीनदा नकार दिला. मग अप्पांनी त्याच्या भट्टीचा बंद पडलेला पंखा दुरुस्त करून दिला, तेव्हा कुठे त्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळून हातात ठेवली.

गोष्ट खरी होती. फुलदाणी ती नव्हती.

दाढीवाल्याची फुलदाणी वहिनींनी फोडली होती, लग्नाला तीन आठवडे झालेले असताना. अप्पा तेव्हा दोन महिन्यांसाठी जर्मनीत होते. नव्या सुनेने हौसेने कपाट आवरायला घेतलं, अकरा नंबर नुसत्या गळ्याला धरून उचलली, आणि हातात नुसता गळा राहिला. तेवीस तुकडे झाले. वहिनी तेव्हाही दंतवैद्यांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचं काम करायच्या. त्यांनी तिथलं सिमेंट आणलं आणि दोन दुपारी खोलीचं दार लावून ते तुकडे जोडले. जोडून झाल्यावर ती फुलदाणी फुलदाणीसारखी दिसत नव्हती. दार ढकलून सासूबाई आत आल्या, बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "राहू दे गं. दात नाहीत ते."

मग त्यांनी सगळे तुकडे सुपात भरले आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत गेल्या. तिथे त्यांचं पायाने फिरवायचं चाक होतं. आई तेव्हा संध्याकाळच्या मातीकामाच्या वर्गाला जायच्या. घरात या उद्योगाला 'आईचा चिखल' म्हणत आणि त्यातून निघालेल्या कुंड्या मागच्या अंगणात ठेवत, पुढच्या नाही. पाच फुलदाण्या बिघडल्या. सहावी कपाटात गेली. त्यानंतर सव्वीस वर्षांत दोघी या विषयावर एक शब्दही बोलल्या नव्हत्या. सासू-सुनेचं इतर गोष्टींवरून हवं तेवढं वाजलं, पण हा दारूगोळा दोघींपैकी कोणीही कधी काढला नाही.

अप्पा परत आले, कपाटाकडे बघून "धूळ नाही, छान" म्हणाले, आणि चौथ्या दिवशी बाजारातून हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, घेऊन आले. तिच्या गोल चकत्या कापून त्यांनी एका दुपारात सगळ्या फुलदाण्यांच्या बुडांना चिकटवल्या. टेबलावर ओरखडे पडतात म्हणे. वहिनींनी त्या बनातीचे मनोमन आभार मानले, कारण आता अकरा नंबर उलटी करून कोणी खालची खूण बघणार नव्हतं.

साडेदहाला पारखी बाई आल्या. चाळिशीच्या आतल्या, केस घट्ट बांधलेल्या, जवळ एक लहान विजेरी आणि त्याहून लहान वही. त्यांनी चहा नको म्हटलं, पाणी नको म्हटलं, आणि पहिली फुलदाणी उचलली. एक हात गळ्याशी, एक बुडाखाली. वहिनींना त्या एकदम आवडल्या, आणि लगेच भीतीही वाटली.

"ही बनात कोणी लावली?" बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला.

"वडिलांनी," दादा म्हणाला. "ओरखडे पडू नयेत म्हणून."

"सगळ्यांना?"

"चौतीसच्या चौतीस."

बाईंनी फुलदाणी खाली ठेवली. "कुंभाराची खूण बुडावर असते. संग्रह करणारा माणूस ती कधी झाकत नाही. उलट पाहुणा आला की तो आधी बूड दाखवतो. इतक्या जाणत्या माणसाने असं का करावं?"

धाकटा म्हणाला की अप्पांना टेबलाची फार काळजी. टेबल त्याच्याच दुकानाशेजारच्या सुताराने केलेलं, अगदी साधं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

पुढचा दीड तास बाई गरम पाण्यात बुडवलेल्या पातळ सुरीने एकेक चकती सोडवत होत्या, खालची खूण बघत होत्या आणि धाकट्याने आणलेल्या यादीत टिकमार्क करत होत्या. ही यादी अप्पांच्या नोंदवहीवरून धाकट्यानेच टाइप करून घेतली होती. नोंदवही टेबलाच्या कोपऱ्यावर होती, जाड पुठ्ठ्याची, कंपनीचा शिक्का असलेली. दहाव्या नंबरापर्यंत सगळं बरोबर निघालं. बाईंचा चेहरा सौम्य होत गेला. वहिनी एकाच फुलदाणीवरून पुन्हा पुन्हा ब्रश फिरवत राहिल्या.

अकरा नंबर बाईंनी उचलली आणि जरा वेळ तशीच धरून ठेवली.

"ही सुंदर आहे," त्या म्हणाल्या.

"ही माझी," ताई म्हणाल्या.

"ते ठरलेलं नाही," दादा म्हणाला. एवढ्यात एक बाजू मोडून तिच्या दोन झाल्या होत्या.

"संग्रहालयाने हिचाच फोटो मागवला होता," धाकटा म्हणाला. "ही नसेल तर कपाटाला अर्थ काय?"

बाईंनी विजेरी आत मारली. मग दोन बोटं आत घातली, भिंतीवरून खालून वर फिरवली. पुन्हा फिरवली. मग काही न बोलता त्याच दाढीवाल्याच्या चौदा आणि बावीस नंबरच्या फुलदाण्या जवळ ओढल्या आणि त्यांच्यातही बोटं घातली.

"या कुंभाराच्या हातचं मी बरंच काम पाहिलंय," त्या म्हणाल्या. "चाकावर माती वर ओढताना आत बोटांची खूण राहते, जिन्यासारखी वर चढत जाते. चाक ज्या बाजूला फिरतं त्यावर ती कुठून चढणार ते ठरतं. माणूस जन्मभर चाक एकाच बाजूला फिरवतो. चौदा आणि बावीसमध्ये ती डावीकडून उजवीकडे चढते. हिच्यात उजवीकडून डावीकडे."

"म्हणजे?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे ही त्याची नाही."

त्यांनी सुरी घेतली आणि चकती सोडवली. खाली मासा हवा होता, दाढीवाला बुडावर मासा कोरायचा. मासा नव्हता. नाव नव्हतं, अक्षर नव्हतं. ओल्या मातीत दाबलेला एक अंगठा होता, तेवढाच.

आईंनी खिडकीबाहेर बघणं थांबवलं होतं, पण ते फक्त वहिनींच्या लक्षात आलं.

"हे आधीपासूनच असं होतं का?" दादाने विचारलं. जीभ सवयीने वळली असावी.

"नसणार," ताई म्हणाल्या. त्या आता उभ्या राहिल्या होत्या. "अप्पांनी कुंभाराच्या हातून घेतलेली वस्तू. ती खोटी कशी असेल? नंतर बदलली कोणीतरी. आणि दादा, बदलायला घरात राहावं लागतं."

"काय म्हणायचंय तुला?"

"मी काही म्हणत नाहीये. मी दूर राहते. हा धाकटा दूर राहतो. या घरात सव्वीस वर्षं कोण राहतंय आणि किल्ली कोणाकडे असते एवढंच विचारतेय."

"मी विकली? मी अप्पांची फुलदाणी विकली?"

"ताई, जपून बोल," धाकटा म्हणाला, आणि थोडं थांबून त्याने दादाला विचारलं, "पण मधे तू गाडी बदललीस, ती कोणत्या वर्षी?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या जळालेल्या मालाकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं होतं, त्याच नजरेने आता त्याची सख्खी भावंडं त्याच्याकडे बघत होती. पन्नाशी उलटलेला हा माणूस नापास झालेल्या मुलासारखा टेबलाची कड धरून उभा होता. वहिनींना त्याची दया आली. सांगायला हवं होतं. फार तर काय, उरलेलं आयुष्य 'हिने फोडली' हे ऐकून घ्यावं लागेल. त्यांनी तोंड उघडलं.

"मी फोडली," आई म्हणाल्या.

सगळे वळले. आईंचा आवाज खणखणीत होता, ऐकायला कमी येणाऱ्या माणसाचा असतो त्याहून जरा जास्तच.

"कपाट पुसताना माझ्या हातून पडली. मग मी तशीच एक केली. झालं. माझ्या मुलाला चोर म्हणू नका."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "आईंनी नाही. मी फोडली. लग्नाच्या तिसऱ्या आठवड्यात. नुसता गळा धरून उचलली."

"गप्प बस गं," आई म्हणाल्या. "सव्वीस वर्षं गप्प बसलीस, आणखी अर्धा तास बसवत नाही?"

"यांना चोर म्हणतात आई ते."

"म्हणून तर मी सांगितलं ना! माझ्या वयाला आता कोण काय बोलणार आहे? सगळी मेहनत फुकट घालवलीस."

दादा बायकोकडे बघत राहिला. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं असतं, आधीपासूनच तडा होता का," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ब्रश हातात असल्यामुळे ते पुसता येत नव्हतं.

ताई मात्र अजून उभ्याच होत्या. "क्षणभर धरून चालू वहिनींनी फोडली. पण ही आईने केली? आईने? ती कुंड्या करायची! त्यातल्या निम्म्या कलंडायच्या."

"उतारावर ठेवायचात तुम्ही," आई म्हणाल्या.

पारखी बाई इतका वेळ त्या घराच्या भिंतीचा भाग झाल्यासारख्या उभ्या होत्या. आता त्या खुर्ची ओढून आईंच्या समोर बसल्या. "आजी, हा लाव्हा कसा आणलात?"

"धार लावायच्या दगडाची पूड," आई म्हणाल्या. "हार्डवेअरच्या दुकानात मिळते. चकाकीच्या मिश्रणात मिसळायची. पहिल्यांदा चहाचा चमचाभर घातली तर एवढं फुगलं की भट्टीच्या फळीला चिकटलं. वर्गाच्या बाईंनी मला फळीचा दंड लावला. मग अर्धा. अर्धाही जास्त होतो. पाव चमचा घालायचा आणि खांद्यावर जाड लावायचं, खाली पातळ. ते आपोआप ओघळतं."

"आणि चाक?"

आईंनी डावा हात वर केला. "याच हाताने सगळं करते मी. म्हणून चाक उलटं फिरवायची. वर्गाच्या बाई ओरडायच्या. मी म्हटलं, मातीला काय कळतंय?"

"मासा का नाही कोरला खाली? तुकड्यांवर दिसला असेल."

"दिसला की. पण दुसऱ्याची खूण आपण करायची म्हणजे खोटी सही," आई म्हणाल्या. "तसलं मी करत नाही." यात काही विसंगती आहे असं त्यांना वाटलेलं दिसलं नाही.

बाईंनी यादीतल्या अकराव्या ओळीवर आडवी रेघ मारली. त्या रेघेबरोबर टेबलाभोवतालची हवा बदलली. ताई बसल्या. धाकटा म्हणाला की संग्रहालयाला तेहतीस देऊ, काय हरकत आहे, कपाट तेवढंच राहील. ताई म्हणाल्या की तेहतीस एकत्र राहिल्या तर अप्पांच्या नावाला शोभेल, आणि आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

"मग हिचं काय करायचं?" धाकट्याने अकरा नंबरकडे बोट दाखवलं.

"वहिनींनाच राहू दे," ताई मोठ्या मनाने म्हणाल्या. "छत्र्या ठेवायला लहान आहे, पण पेनं राहतील."

आई पुन्हा खिडकीकडे वळल्या. पण त्यांची मान आधीसारखी ताठ नव्हती, आणि वहिनींना फार वाईट वाटलं. पुढच्या अंगणात कधी न आलेल्या कुंड्या त्यांना आठवल्या.

"एक राहिलं," पारखी बाई म्हणाल्या. "ही बनात कधी लावली त्याची तारीख मला अहवालात लिहावी लागेल. सोडवल्या तेवढ्या सगळ्यांवर डिंकाचे डाग पडलेत. नोंदवहीत काही आहे का?"

"मी सगळी वही बघितलीय," धाकटा म्हणाला. "चौतीस नोंदी, मग कोरी पानं."

दादाने वही ओढली. आपल्यावर आळ आल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या हाताला काम मिळालं होतं. तो ती मागून उघडून बघू लागला, कारण विम्याच्या कागदांत लोक खरं ते नेहमी शेवटच्या पानावर लिहितात. शेवटच्या पानावर, अप्पांच्या बारीक सरळ अक्षरात, वर मधोमध एक शब्द होता. शुद्धिपत्र. छापखान्यांत आयुष्य गेलेला माणूस. पुस्तक छापून झाल्यावर सापडलेल्या चुका मागे एका पानावर द्यायच्या असतात, पुढे खाडाखोड करायची नसते, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

पानावर एकच नोंद होती. दादा वाचायला लागला आणि दुसऱ्या ओळीला थांबला.

"मोठ्याने वाच," ताई म्हणाल्या.

"'क्रमांक अकरा. मूळ नोंद रद्द समजावी. कुंभार : ही. स्थळ : स्वयंपाकघरामागची खोली. आतील बोटांच्या खुणा उलट आहेत, हिच्या डाव्या हातामुळे. लाव्हा उत्तम, मूळच्यापेक्षा बरा. बुडास खूण नाही, अंगठा आहे. कोणी उलटून पाहू नये म्हणून आज सर्व बुडांना बनात लावली. कवळीच्या सिमेंटचा डबा न्हाणीघराच्या खिडकीत सापडला, तो टाकून दिला. सुनेला कोणी काही विचारू नये. विकायची नाही.'" दादाने खालची तारीख वाचली. ती अप्पा परत आल्यानंतरच्या चौथ्या दिवसाची होती.

वहिनी खुर्चीवर बसल्या. टेबलावर पहिल्यांदाच कोणी फुलदाण्यांचा विचार न करता कोपर टेकलं. सव्वीस वर्षं दर रविवारी अप्पा शेजारी उभे राहून 'बुडाखाली हात' म्हणायचे, आणि दर वेळी वहिनींना वाटायचं, आज ओळखलं. अप्पांनी तर आल्या आल्याच ओळखलं होतं. वहिनी रडल्या, आणि या वेळी ब्रश बाजूला ठेवून नीट रडल्या.

"आईच्या हातची वस्तू मुलीकडे असते," ताई थोड्या वेळाने म्हणाल्या.

"तू पेनं ठेवणार होतीस त्यात," दादा म्हणाला.

"पेनं मी वहिनींना सुचवली होती."

"मला वाटतं, हिला वेगळं छोटं कपाट करावं," धाकटा म्हणाला. "वरून एकच दिवा."

पारखी बाईंनी आपली छोटी वही मिटली. त्यांनी अकरा नंबर जरा जपूनच टेबलावर ठेवली आणि कोणालाही न उद्देशून म्हणाल्या की मूळच्यापेक्षा बरी आहे हे त्यांनाही पटतं, पण अहवालात तसं लिहिता येत नाही.

"पुन्हा वाच," आई म्हणाल्या.

दादाने पुन्हा वाचलं. आईंनी मान पुढे केली होती. तिसऱ्यांदा त्यांनी फक्त एकच ओळ वाचायला सांगितली, लाव्ह्याची.

"चौथ्या दिवशी," त्या म्हणाल्या.

"हो आई."

"म्हणजे पाहुणे आले की ही उचलून सांगायचे, हा हात बघा, असा हात पुन्हा होणे नाही. ते..."

दादाचं बोट अजून त्या ओळीवर होतं.

"मी आत चहा करत असायची," आई म्हणाल्या. "हसायची मनातल्या मनात. म्हणायची, या माणसाला काही म्हणजे काही कळत नाही. कधी कधी रागही यायचा. जन्मभर त्या दाढीवाल्याचं कौतुक, आणि माझ्या कुंड्या मागच्या अंगणात. मग मी जाणंच सोडलं वर्गाला. चाक विकून टाकलं." त्या थांबल्या. "कळलं होतं तर बोलायचं ना. एकदा. पाहुण्यांना सांगायचे, मला नाही."

दादा म्हणाला, अप्पांचा स्वभाव तसा होता. ताई म्हणाल्या, त्या पिढीतले पुरुष बोलत नसत. धाकट्याने छताकडे पाहिलं.

"ती वही इकडे आण," आई वहिनींना म्हणाल्या. "आणि पेन्सिल."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. फुलदाणी कोणाला ते आई आता लिहून टाकणार हे उघडच होतं, आणि तिघेही नकळत थोडे पुढे सरकले. आईंनी वही मांडीवर घेतली, पेन्सिल डाव्या हातात धरली आणि अप्पांच्या नोंदीखाली हळूहळू लिहिलं. मग वही मिटून वहिनींच्या हातात दिली.

"अकरा नंबर जागेवर ठेव," त्या म्हणाल्या. "मी अजून इथेच राहतेय."

कपाटाशी गेल्यावर वहिनींनी वही उघडून पाहिली. शुद्धिपत्रात दुसरी नोंद झाली होती. वर आजची तारीख आणि खाली एकच ओळ : 'मला सांगितले नाही.'

त्यांनी वही कपाटात सरकवली आणि टेबलापाशी जाऊन अकरा नंबर उचलली. एक हात गळ्याशी, दुसरा बुडाखाली. बनात निघाली होती, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तळव्याला आईंचा अंगठा लागला.